सहाव्या जागेवरचे एक अक्षर: प्रथिनांची घडी आणि सिकलसेल

बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा एक थेंब, छोट्या नळीतले पारदर्शक द्रावण आणि नळीमागे धरायचा, काळ्या रेघा छापलेला एक कागद. एवढ्या सामग्रीवर नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या शाळांत, आश्रमशाळांत आणि आरोग्य उपकेंद्रांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली तपासणी होते. थेंब द्रावणात मिसळायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळीतून पलीकडे पाहायचे. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढच्या तपासणीसाठी रक्त प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी घरी एक कार्ड येते, ज्यावर 'एएस पॅटर्न' किंवा 'एसएस पॅटर्न' असे काहीतरी लिहिलेले असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो संपवायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे अशी कार्डे आता बऱ्याच घरांत पोहोचली आहेत. कार्डावरची अक्षरे वाचता येतात, परंतु ती नेमकी कशाविषयी आहेत हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समजावून सांगण्याइतकी उसंत तपासणाऱ्यालाही नसते. रक्त गढूळ का होते, या एका प्रश्नाच्या मागे गेलो तर प्रथिन म्हणजे काय, ते काम कसे करते आणि कुठे अडते, हे सगळे एका उदाहरणात उलगडते. म्हणून त्याच प्रश्नाचा माग येथे काढला आहे.

ताटातले प्रथिन आणि शरीरातले प्रथिन

प्रथिन हा शब्द आपल्याकडे बहुधा आहाराच्या बोलण्यात येतो: वरण, मटकीची उसळ, अंडी, मासळी. शरीराच्या दृष्टीने मात्र प्रथिन हे अन्नापेक्षा अवजार अधिक आहे. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील एक प्रथिन पिठातील पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यातून साखर मोकळी करत असते. स्नायू आखडतो तो प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकल्यामुळे, जखमेतले रक्त थांबते ते प्रथिनाचे जाळे विणले गेल्यामुळे, आणि रोगजंतू ओळखला जातो तो त्याच्यावर बरोबर बसणारे प्रथिन रक्तात फिरत असल्यामुळे. माणसाच्या पेशीत प्रथिन घडवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. जनुक म्हणजे आई-वडिलांकडून आलेला लेखी आराखडा, आणि प्रथिन म्हणजे त्या आराखड्याबरहुकूम घडलेली वस्तू.

मग डाळीतल्या प्रथिनाचे शरीरात होते काय? जुना वाडा उतरवताना विटा, तुळया आणि दगड सुटे करून नव्या बांधकामाला वापरतात, तसेच येथे घडते. पोटात आणि आतड्यात डाळीचे प्रथिन सुटे होते, त्याचे लहान घटक रक्तात उतरतात आणि शरीर त्यांतून स्वतःची प्रथिने नव्याने बांधते. या घटकांना अमिनो आम्ले म्हणतात आणि ती वीस प्रकारची असतात. कोलॅजनची भुकटी प्यायल्याने ते कोलॅजन जसेच्या तसे त्वचेत जाऊन बसत नाही, ते याच कारणाने. सिकलसेलच्या रुग्णाला कितीही सकस खाऊ घातले तरी त्याच्या हिमोग्लोबिनचा प्रकार बदलत नाही, त्याचेही कारण हेच. आहारातून सामान मिळते. त्या सामानातून काय बांधायचे हे जनुक ठरवते.

न कापता, न शिवता

अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन लांब साखळी तयार होते. जनुकातील लिखाणावरून हा क्रम ठरतो: पहिल्या जागी कोणते, दुसऱ्या जागी कोणते, अगदी शेवटपर्यंत. पण नुसती साखळी काही काम करत नाही. लुगडे घडी घालून कपाटात ठेवलेले असते तेव्हा ते नऊ वार कापड असते. निऱ्या घालून, काष्टा मारून, पदर खोचून ते नेसले की त्यातूनच शेतात वाकून काम करता येईल असा पोशाख तयार होतो, आणि त्यासाठी ते कुठे कापावे लागत नाही की शिवावे लागत नाही. प्रथिनाच्या साखळीचेही असेच असते. तिचा काही भाग फिरकीसारखा पीळ घेतो, काही भाग निऱ्यांसारखा मागे-पुढे दुमडतो आणि मग हे सगळे मिळून एका ठरावीक आकारात बसते. त्या आकाराच्या खाचाखोचांत जे पदार्थ बसतात त्यांच्यावर ते प्रथिन काम करते.

लुगडे नेसणारी बाई वेगळी असते. प्रथिनाची साखळी मात्र मुख्यतः स्वतःच स्वतःला नेसते, आणि मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. घडी पडण्यामागची एक मोठी प्रेरणा स्वयंपाकघरात रोज दिसते. आमटीवर फोडणीच्या तेलाचे थेंब तरंगत असतात आणि थोड्या वेळात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, कारण पाण्यापासून दूर राहण्याचा त्यांचा तोच मार्ग असतो. वीस अमिनो आम्लांपैकी काही अशीच तेलकट प्रकृतीची, पाणी टाळणारी आहेत. काही पाण्याशी सहज जमणारी आहेत, आणि त्यांतल्या काहींवर विद्युतभारही असतो. पेशीत सगळीकडे पाणी असल्यामुळे तेलकट आम्ले आतल्या बाजूला दडतात, पाण्याशी जमणारी बाहेर राहतात, आणि साखळीला आपोआप घडी पडत जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांचे एक प्रथिन रसायने घालून पूर्ण उलगडले आणि नंतर ती रसायने काढून घेतली. ते प्रथिन पुन्हा पूर्वीसारखे घडीत बसले आणि कामही करू लागले. घडीसाठी लागणारी माहिती अमिनो आम्लांच्या, म्हणजे साखळीतल्या अक्षरांच्या, क्रमातच असते, हे त्यातून सिद्ध झाले आणि १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतीय वाचकाने येथे आणखी एक नाव लक्षात ठेवावे. जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह मद्रास विद्यापीठात १९५४ साली कोलॅजनची तीन पदरी पिळाची रचना मांडली. पुढे १९६३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक आलेख सिद्ध केला. साखळीतील सांधे कोणत्या कोनांत वळू शकतात आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाहीत, हे त्या आलेखावरून कळते. प्रथिनाची रचना जगात कुठेही शोधली गेली, तरी ती बरोबर आहे की नाही हे आजही 'रामचंद्रन आलेखा'वर पडताळून पाहतात.

घडी मोडली तर? खरवसाचे उदाहरण

गाय किंवा म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसांचे पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. त्यात गूळ आणि वेलदोडा घालून ते वाफवले की खरवस होतो: सुरीने वड्या पडतील इतका घट्ट, आणि दाबला तर किंचित पाणी सोडणारा. नेहमीचे दूध मात्र तासभर उकळले तरी आटते, असे थिजत नाही. चिकामध्ये वासराला रोगापासून वाचवणारी प्रतिपिंडे आणि तशीच विरघळलेली इतर प्रथिने भरपूर असतात. उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, आत दडलेले तेलकट भाग उघडे पडतात, शेजारच्या साखळीच्या उघड्या भागांना चिकटतात, आणि सगळ्यांचे मिळून एक जाळे होऊन त्यात पाणी अडकते. नेहमीच्या दुधात मुख्य प्रथिन केसीन असते आणि त्याला तशी घट्ट घडी मुळातच नसल्यामुळे ते उकळी सोसते. चार-पाच दिवसांनी चिकाचे साधे दूध झाले की खरवस नीट का लागत नाही, याचे उत्तर यात आहे.

खरवसात साखळ्या तुटलेल्या नसतात आणि अक्षरांचा क्रमही तोच असतो. गेलेली असते ती घडी, आणि तिच्याबरोबर प्रथिनाचे कामही. वाफवलेल्या चिकातील प्रतिपिंड पोषण देईल, परंतु जंतू ओळखणार नाही.

हिमोग्लोबिन: चार साखळ्यांचे एकत्र कुटुंब

आता रक्ताकडे येऊ. एक लिटर रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळून जाऊ शकणारा प्राणवायू सुमारे ३ मिलिलिटर असतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे रक्त सुमारे २०० मिलिलिटर वाहून नेते. हा सगळा फरक हिमोग्लोबिन या एका प्रथिनामुळे पडतो. एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात.

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात: १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत लोहाचा एक अणू धरून ठेवणारी चकती असते आणि प्राणवायू त्या लोहाला चिकटतो. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली या रेणूच्या रचनेचा शोध सुरू केला आणि तिचे पहिले चित्र हाती यायला १९५९ साल उजाडले. एका प्रथिनाच्या आकारासाठी बावीस वर्षे लागली. पुढे लक्षात आले की हा आकार स्थिरही नाही. चारपैकी एका साखळीला प्राणवायू मिळाला की सगळा रेणू किंचित हलतो आणि उरलेल्या तिघींना प्राणवायू घेणे सोपे जाते. एकीने सोडला की बाकीच्याही सोडू लागतात. त्यामुळे फुफ्फुसात रेणू जवळजवळ पूर्ण भरतो आणि स्नायूत सढळपणे रिकामा होतो. प्राणवायू असलेला आणि नसलेला, अशा हिमोग्लोबिनच्या दोन बैठकी आहेत, एवढे येथे लक्षात ठेवावे. सिकलसेलचे सगळे दुखणे त्यांतल्या दुसऱ्या बैठकीत आहे.

एकच अक्षर

शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद केली. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून आजाराला नाव पडले. दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. विजेच्या क्षेत्रात ठेवल्यावर निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या प्रकारे सरकत होते, म्हणजे दोघांवरील विद्युतभारात फरक होता. एखादा आजार एका रेणूतील दोषापर्यंत नेऊन पोहोचवण्याची ती पहिलीच वेळ होती.

फरक नेमका कुठे आहे, हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधले. त्यांनी दोन्ही हिमोग्लोबिनचे एका पाचक प्रथिनाने सुमारे तीस तुकडे केले, ते ओल्या कागदावर विजेने आणि द्रावकाने पसरवले आणि रंग देऊन त्यांचे ठिपके पाहिले. दोन्ही कागदांवरची ठिपक्यांची रांगोळी सारखीच होती. फक्त एक ठिपका जागा सोडून सरकला होता. त्या एका तुकड्यातील अमिनो आम्ले ओळखल्यावर उत्तर मिळाले. बीटा साखळीच्या सुरुवातीपासून सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तेथे व्हॅलिन होते. उरलेली १४५ अक्षरे जशीच्या तशी होती.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याचे पाण्याशी चांगले जमते. व्हॅलिन तेलकट प्रकृतीचे आहे.

मग प्रथिनाचा आकार बिघडतो, असे म्हणावे का?

असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, आणि ते बरोबर नाही. सिकलसेलमध्ये विळ्यासारखी होते ती पेशी. हिमोग्लोबिनचा एकटा रेणू पाहिला तर त्याची घडी निरोगी रेणूसारखीच असते आणि तो प्राणवायूही उचलतो. सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. तेथे पाण्याशी जमणाऱ्या अक्षराऐवजी एक तेलकट ठिपका आला, एवढाच बदल. खरवसातल्या प्रथिनाची घडी उलगडते. येथे घडी शाबूत राहते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला एक कुसळ उगवते.

कुसळ नुसते असून त्रास होत नाही, ते रुतायला कापड लागते. हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दुसऱ्या बैठकीत येते तेव्हा त्याच्या बीटा साखळीवर एक तेलकट खळगी उघडते. निरोगी माणसातही ती उघडते, पण तिच्यात शिरायला काही नसते. सिकल हिमोग्लोबिनच्या एका रेणूवरचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळगीत बसते, त्या शेजाऱ्याचे व्हॅलिन पुढच्याच्या खळगीत, आणि अशी रांग वाढत जाते. चौदा पदरांचा पीळ घेतलेले लांब, ताठ दोर पेशीच्या आत तयार होतात. धान्याचे पोते कसेही दबते आणि अरुंद दारातूनही ओढून नेता येते. त्याच पोत्यात बांबूच्या कामट्या कोंबल्या तर ते कामट्यांचा आकार घेते आणि दारात अडकते. तांबडी पेशी सात-आठ सहस्रांश मिलिमीटर व्यासाची असते आणि तिला स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून जावे लागते. ताठ झालेली पेशी तेथे अडकते, तिच्यामागे इतर पेशी तुंबतात, पुढच्या भागाचा प्राणवायू तुटतो. हाडांत, छातीत, पोटात उठणाऱ्या त्या असह्य कळांचे मूळ हे आहे, आणि ज्यांनी असा रुग्ण रात्रभर तळमळताना पाहिला आहे ते त्या कळांना 'अंगदुखी' म्हणणार नाहीत. वारंवार वाकल्या-सरळ झालेल्या पेशी लवकर फुटतातही: निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकल पेशी दहा ते वीस दिवस. रक्त कमी पडते ते त्यामुळे.

नळीतल्या गढूळपणाचा उलगडाही आता होतो. त्या द्रावणात तांबड्या पेशी फोडणारा पदार्थ असतो, आणि प्राणवायू काढून घेणारे एक रसायनही असते. मोकळे झालेले हिमोग्लोबिन प्राणवायू गमावते. ते सिकल प्रकारचे असेल तर त्या खारट द्रावणात विरघळलेले राहू शकत नाही, त्याचे कण तयार होतात आणि रेघा झाकल्या जातात. वाहक (बदललेले जनुक एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नसलेला माणूस) आणि रुग्ण या दोघांचेही द्रावण गढूळ होते, म्हणून केवळ या चाचणीवरून कोणाला रुग्ण ठरवता येत नाही. पुढची चाचणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची तपासणी), तो भेद करते. त्यांतल्या इलेक्ट्रोफोरेसिसचे तत्त्व पॉलिंग यांनी १९४९ साली वापरलेलेच आहे: भार वेगळा, म्हणून सरकणे वेगळे.

"भरपूर पाणी प्या", या सल्ल्यात औषध ते काय?

हा सल्ला ऐकून बऱ्याच रुग्णांना आपली बोळवण झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे या विषयातील अत्यंत ठोस गणित आहे. दोर तयार व्हायला लागणारा वेळ पेशीतील हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून असतो, आणि दाटपणा वाढला की तो वेळ जवळजवळ तिसाव्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. ढोबळ हिशोब केला, तर दाटपणा केवळ दहा टक्क्यांनी वाढला तरी वेळ सतरा पटींनी घटतो. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदाभरात पार होते आणि काही सेकंदांत फुफ्फुसात परतून पुन्हा प्राणवायू घेते. तोपर्यंत दोर झाले नसतील तर पेशी निभावते. रुग्ण दोन झटक्यांच्या मधल्या काळात बराच ठीक असतो, तो याच शर्यतीत बहुतेक पेशी वेळेत परत येतात म्हणून.

शरीरातले पाणी कमी झाले की पेशी आक्रसते, आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि ही शर्यत हरायला सुरुवात होते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या माणसाला दुपारी कळा सुरू होतात त्या अशा. ताप, जुलाब, थंडी, अति श्रम यांनीही हेच घडू शकते. रोवण्याच्या दिवसांत गार चिखलात तासन्‌तास उभे राहणे सिकलसेल असलेल्या बाईला झेपत नसेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

'एएस' म्हणजे आजारी का?

नाही. बीटा साखळीचे जनुक प्रत्येकाकडे दोनदा असते, एकदा आईकडून आणि एकदा वडिलांकडून आलेले. दोन्हींत ते एक अक्षर बदललेले असेल तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकातच बदल असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन साधे असते आणि ते दोरांची वाढ अडवते, त्यामुळे रोजच्या जगण्यात वाहकाला हा आजार होत नाही. पुढेही 'वाढून' होत नाही. स्पर्शाने, जेवणाने किंवा रक्ताच्या थेंबानेही तो दुसऱ्याला लागत नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल 'एसएस' असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. ही शक्यता दर वेळी नव्याने मोजायची. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही. एक वाहक आणि एक निरोगी असे जोडपे असेल तर कोणतेही मूल 'एसएस' होत नाही. म्हणजे कार्ड पाहून लग्नाआधी विचार करायचा तो दोघांच्या कार्डांचा मिळून. व्यवहारात मात्र मुलीचे कार्ड आधी मागितले जाते, मुलाची तपासणी झालेलीच नसते, आणि 'एएस' अक्षरे पाहून स्थळ मोडते. हे अज्ञान आहे आणि त्याची किंमत निरपराध मुली मोजतात. दोन वाहकांनी लग्न केले असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करून घेण्याची सोयही आहे.

इतके त्रासदायक अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. १९५४ साली ॲंथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून त्याचे उत्तर दिले: वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुले नेत होता तेथे वाहक अधिक संख्येने जगले, आणि ते अक्षर त्यांच्याबरोबर जगले. भारतात याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. विदर्भ, सातपुडा आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातील ज्या समाजांत आज हे अक्षर अधिक आढळते, त्यांच्या पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे. कोणाच्या रक्तातील 'खोट' म्हणून तिच्याकडे पाहणे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

रक्त कमी, तर लोहाच्या गोळ्या का नकोत?

ॲनिमिया म्हटले की लोहाची गोळी हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. लोह कमी असल्याने हिमोग्लोबिन तयार होत नसेल तर ते योग्यच आहे. सिकलसेलमध्ये मात्र पेशी वेळेआधी फुटतात आणि त्यांतले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णात तर ते साठून यकृताला आणि हृदयाला अपाय करू लागते. म्हणून तपासणीत लोहाची कमतरता दिसली तरच लोह द्यायचे. नव्या पेशी भराभर घडवाव्या लागत असल्याने फॉलिक ॲसिड मात्र सामान्यतः दिले जाते.

संगणकाला आकार कळतो, मग औषध का सापडत नाही?

२०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो. अक्षरांचा क्रम दिला की घडी कशी पडेल हे सांगणारी अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली हसाबिस आणि जंपर यांनी उभी केली, आणि २०२२ साली २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी खुले झाले. पेरुट्झ यांची बावीस वर्षे आठवली की या कामाचे मोल कळते.

पण सिकलसेलपुरते बोलायचे तर येथे आकार न कळण्याची अडचण कधीच नव्हती. तो १९५९ पासून हळूहळू कळत गेला आहे, आणि एकट्या रेणूच्या आकारात दोष नाही हेही आपण पाहिले. अडचण प्रमाणाची आहे: एका पेशीत २७ कोटी रेणू आणि शरीरात अब्जावधी पेशी. कुसळ झाकणारे औषध त्या प्रत्येकापर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचवायचे आणि प्राणवायूची ने-आण मात्र बिघडू द्यायची नाही, हे आकाराचे चित्र हाती आल्याने आपोआप साधत नाही.

जन्मानंतरचे पहिले सहा महिने

आज हाती असलेला सर्वांत उपयुक्त उपाय वेगळ्या वाटेने आला. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात बीटाच्या जागी गॅमा नावाची साखळी असते, आणि ते दोरात सामील होत नाही. म्हणूनच 'एसएस' बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. पहिल्या सहा महिन्यांत गॅमाची जागा बीटा घेत जाते आणि मग हाता-पायांची बोटे सुजण्यापासून त्रास सुरू होतो. या काळात रक्तात गॅमा भरपूर असल्यामुळे नळीची गढूळपणाची चाचणी या वयात भरवशाची नसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेतले की मोठ्या माणसाचे शरीरही ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात बनवू लागते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेला जनुक-संपादनाचा उपचारही सहावे अक्षर दुरुस्त करत नाही. तो गॅमा साखळी बंद करणारा खटका निकामी करतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मात्र स्वस्त आहे. ती नियमित घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासून तिचे प्रमाण ठरवावे लागते, त्यामुळे ती उपकेंद्रात सातत्याने मिळणे हाच तिच्यातील कळीचा मुद्दा आहे.

जंतुसंसर्गाचा धोका या मुलांना फार मोठा असतो, कारण रक्तातले जंतू गाळणारी प्लीहा (पानथरी) लवकर निकामी होते. दोन-तीन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि वेळेवर न्यूमोकोकल लस दिली तर त्यातले बरेच मृत्यू टळतात. त्यासाठी बाळ 'एसएस' आहे हे पहिला त्रास सुरू होण्याआधी कळायला हवे, म्हणजे जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताची एचपीएलसी तपासणी व्हायला हवी. आई आणि वडील दोघांचीही कार्डे 'एएस' असतील, तर प्रसूतीच्या वेळी ती दवाखान्यात दाखवावीत आणि बाळाची ही तपासणी मागून घ्यावी.